इस्त्रीवालीची रूथ

कडक मावशीला कोणी कडक म्हटलं, की ती उलट खूश व्हायची. कॉलर कडक हवी, चहा कडक हवा आणि माणूसही कडकच हवं; मिळमिळीत कशाचंच तिला कौतुक नव्हतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे लांब टेबल, त्यावर दुमडलेली घोंगडी, घोंगडीवर जागोजागी करपलेली चादर, आणि मागे दोन खोल्यांचं घर. टेबलाच्या एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला तिची सून. शर्ट मावशीचे, चादरी आणि पडदे सुनेचे, अशी कामाची वाटणी ठरलेली. बोलण्याची वाटणीही ठरलेली होती म्हणा ना: बोलायचं मावशीनं, ऐकायचं सुनेनं.

मावशीचा नवरा लवकर गेला. मग एकुलता एक मुलगाही चार दिवसांच्या तापात गेला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याला मातीत ठेवून परत आल्यावर सून मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "आई, मी तुम्हाला सोडून कुठंही जाणार नाही." आता अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण मावशीनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मावशीची मंडळी ख्रिस्ती, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, तिच्या जिभेवर. त्यातल्या जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, नामी नावाची एक विधवा आहे, तिचेही नवरा आणि मुलगे गेले. तिची परदेशी सून रूथ तिला सोडून जायला तयार होत नाही, तू जिथं तिथं मी असं म्हणते. झालं! मावशीनं त्याच आठवड्यात चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, "ही माझी रूथ."

तेव्हापासून सुनेचं खरं नाव लोक विसरलेच. चर्चच्या पाळकापासून पाववाल्यापर्यंत सगळे तिला रूथ म्हणू लागले. वर्षं गेली. कोणी स्थळाचा विषय काढलाच, तर मावशी म्हणायची, "रूथ आहे ती. रूथ कुठं जाते का?" मग समोरचा माणूस आपला चहा पिऊन निघून जायचा.

पण समोरचा घड्याळवाला निघून जायला कुठं होता! त्याचं दुकानच रस्त्यापलीकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वभाव शांत, डोळ्याला सदा ते भिंग लावलेलं. त्याचा एक निळा शर्ट दर दोन दिवसांनी इस्त्रीला यायचा. मावशीनं त्याची भरपूर थट्टा केली. "अहो, हा शर्ट अंगात घालता तरी का, की नुसता रस्त्यावरून फिरवून आणता?" तो कानापर्यंत लाल व्हायचा. सून पडद्यात तोंड घालून हसायची. ते हसू एक दिवस मावशीच्या नजरेस पडलं, आणि त्या दिवसापासून थट्टा बंद झाली. निळा शर्ट ती जरा जास्तच दाबून इस्त्री करू लागली.

एका गुरुवारी पाळक दुकानात आले. रुमाल इस्त्रीला आणलाय असं दाखवत होते, पण रुमालासाठी कोणी एवढा घसा खाकरत नाही.

"मावशी, घड्याळवाल्यानं माझ्याकडे शब्द टाकलाय. माणूस चांगला आहे. रूथचं वय काही गेलेलं नाही."

मावशीनं इस्त्री उभी केली. "पाळकसाहेब, तुम्हीच दर रविवारी शिकवता ना? जुन्या करारात दिलेला शब्द, नव्या करारात पाळलेला शब्द. देव दिलेला शब्द मोडत नाही, म्हणून तर आपण त्याच्यावर भरवसा ठेवतो. मग हिनंही शब्द दिलाय. तो मोडायला तुम्ही सांगता?"

पाळकांचंच वाक्य त्यांच्याच गळ्यात. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती चादरीची घडी घालत होती, आणि एकच घडी पुन्हा पुन्हा उलगडून घालत होती. ते रुमाल तिथंच विसरून गेले.

मावशी जिंकली होती, पण ताट अर्धं ठेवूनच उठली. खरं सांगायचं तर तिला शब्दाचं पडलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. टेबलाच्या त्या टोकाला कोणी उभं नाही, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की इस्त्री तिच्या हातात तशीच राहायची. पण हे बोलून दाखवेल तर ती कडक मावशी कसली!

त्या रविवारी शास्त्रवाचनाची पाळी नेमकी यांच्याच घराची होती. त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती: दोन्ही पाठ एकाच घरानं वाचायचे, जुन्या करारातला पाठ घरातल्या धाकट्यानं, नव्यातला थोरल्यानं. जुनं तरुणाच्या तोंडी यावं आणि नवं म्हाताऱ्याच्या, म्हणजे दोन्ही आपलीच आहेत हे कोणी विसरत नाही, असं कुणा जुन्या पाळकानं लावून दिलं होतं.

आधी सून उठली. तिनं संदेष्ट्याचं वचन वाचलं: इशायाच्या घराण्याच्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला नवा धुमारा फुटेल. खालच्या आवाजात वाचलं, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. शेवटच्या बाकावर घड्याळवाला बसला होता, अर्थातच निळ्या शर्टात.

मग मावशी उठली. तिच्या वाट्याला नव्या कराराचं पहिलं पान होतं, नुसती नावंच नावं, अमक्याचा मुलगा तमका. इतरांची त्या नावांवर जीभ अडखळायची. मावशी ती एका दमात म्हणायची, आणि तिला त्याचा भारी तोरा होता. आजही ती सुसाट निघाली. बवाज आला, रूथचा दुसरा नवरा, आणि बवाजाच्या मुलाची आई म्हणून रूथ आली. हे नाव तिनं आजवर कितीदा तरी वाचलं होतं आणि मागे टाकलं होतं. आज मात्र ती थांबली. रूथचा मुलगा ओबेद. ओबेदाचा मुलगा इशाय.

इशाय! आत्ताच सुनेनं ज्याच्या बुंध्याचं वाचलं, तोच. त्याचा दावीद, आणि तिथून खाली खाली उतरत थेट येशूपर्यंत, म्हणजे त्या धुमाऱ्यापर्यंत. मावशीला ओळ सापडेना. चर्चमध्ये चुळबुळ सुरू झाली. कशीबशी उरलेली नावं वाचून ती खाली बसली.

उपासना संपल्यावर तिनं पाळकांना दारातच गाठलं.

"एवढंच सांगा. नामीनं रूथला घरातच धरून ठेवलं असतं तर? दुसरं लग्न होऊच दिलं नसतं तर? तो धुमारा फुटला नसता?"

पाळक म्हणाले, "फुटला असता, मावशी. देवानं दुसरी वाट काढली असती. पण त्या वाटेवर नामी नसती."

मावशी घरी आली ती डोक्यावरचा रुमालही न सोडता शास्त्र उघडून बसली. रूथची गोष्ट ती नेहमी सुनेच्या त्या शपथेपर्यंतच वाचायची, पुढचं येतंच आपल्याला म्हणून मिटवून ठेवायची. आज ती पुढे गेली. आणि काय, नामी स्वतःच सुनेला म्हणत होती: पोरी, तुझं घर मी नको का बघून द्यायला? न्हा, सुगंध लाव, चांगले कपडे घाल आणि जा बवाजाकडे.

"अगं ए!" मावशीनं हाक मारली. सून दारात आली. "न्हाऊन घे. चांगले कपडे घाल आणि समोर जाऊन सांग, मावशी हो म्हणाली."

सून जागची हलली नाही. "आणि तुम्ही?"

"मी काय? मला भीती वाटते. वाटते म्हणजे वाटतेच! दुकानात एकटी उभी राहीन या विचारानं जीव घाबरा होतो माझा. पण भीती माझी आहे ना, मग ती तू का निस्तरायची? त्या दिवशी तू दिलेल्या शब्दातून मी तुला मोकळी करते."

"मला मोकळं नाही व्हायचं, आई. मला जायचंय, आणि तुमचीही राहायचंय."

"दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माझी कोण म्हणून राहशील, खुळे?"

सून तिच्याजवळ येऊन बसली. तिनं पानं उलटली, गोष्टीच्या अगदी शेवटी बोट ठेवलं. मावशीनं वाचलं. रूथला बाळ होतं, ते नामीच्या मांडीवर देतात, आणि शेजारच्या बायका रूथला मुलगा झाला असं म्हणतच नाहीत. नामीला मुलगा झाला, म्हणतात.

मावशीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते.

"हे तू कधी वाचलंस गं?"

"तुम्ही मला पहिल्यांदा रूथ म्हणालात ना, त्याच आठवड्यात."

"आणि इतकी वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्ही वाचाल," सून म्हणाली, "म्हणून थांबले होते."