सोमणांची टिकली

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत दिनानाथ सोमणांचं दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिथे पाऊल टाकायचं तर आधी अपमान करून घ्यायची तयारी लागते. पस्तीस वर्षं हा माणूस एकाच स्टुलावर बसलाय. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, आता लॅपटॉप. यंत्रं बदलली, तोंड तेच राहिलं. हाताला गुण आहे हो, असं लोक म्हणतात. म्हणायला लोकांच्या बापाचं काय जातं!

सोमणांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांना कळतं ती, आणि बाकीची. पहिल्या प्रकारात सध्या एकटे सोमण. बाकीच्यांत सगळ्यात वरचा नंबर खेड्यातल्या नव्या बंगलेवाल्यांचा. जमिनीचे पैसे आले, वस्तू आल्या, पण वापरायची अक्कल कुठून आणणार? सोफा घेतील आणि वरचं प्लास्टिक तसंच ठेवून त्यावर कुरकुर आवाज करत बसतील. गाडीच्या सीटला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, टीव्हीच्या कडेला पाच वर्षं लोंबणारी फिल्म. "अरे, वस्तू विकत घेतलीत ना? मग काढा की तिचं सोवळं!" हे व्याख्यान ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर देत, आणि चहावाला काशीराम बिचारा प्रत्येक वेळी नव्याने हसे.

आणखी एक खोड. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या एका स्क्रूवर सोमण कागदाची टिकली चिकटवत आणि तिच्यावर 'दि. सो.' अशी सही करत. टिकली फाटलेली दिसली की दुसऱ्या कुणीतरी हात घातला, म्हणजे सोमणांची जबाबदारी संपली. त्या टिकलीचा त्यांना कोण अभिमान!

तर परवा दुपारी नेरे गावची भावना भोपी आली. विशी-बाविशीची मुलगी. पाट्याएवढा जड गेमिंग लॅपटॉप तिने काउंटरवर ठेवला.

"काका, हा लय हळू चालतो. पडद्यावर रंगीत रेघा येतात, मग ग्राफिक्स बंद पडलं असा मेसेज, आन सगळंच अडकतं."

"गेम खेळा अजून!"

"गेम नाय खेळत मी. बिल्डिंगचं थ्रीडी करते, त्याला असलाच लागतो. उद्या दहा वाजता खारघरला नोकरीची टेस्ट हाय, आर्किटेक्टकडे. आपल्याच लॅपटॉपवर आख्खी बिल्डिंग फिरवून दाखवायची. हा चालला नाय तर नोकरी गेली."

सोमणांचं लक्ष नोकरीकडे नव्हतंच. त्यांनी लॅपटॉप ओळखला होता. दोन महिन्यांपूर्वी हिचा भाऊ शैलेश हाच घेऊन आला होता. त्याच्या हळदीला डीजेच्या मोठ्या पडद्यावर फोटो दाखवायला लॅपटॉप मांडवात ठेवलेला, आणि पंख्यात वाटीभर हळद गेलेली. "नवऱ्याबरोबर लॅपटॉपलाही हळद लावतात!" हा किस्सा सोमणांनी तेव्हा आठवडाभर गल्लीभर वाटला होता.

"तुमच्याकडे पुन्हा लग्न निघालं वाटतं?"

"नाय काका." भावना जरा अडखळली, पण बोलली. "तुमी साफ करून दिलात ना, तेव्हापासूनच हा असा करतो."

झालं! सोमणांच्या शेपटीवर पाय पडला.

"माझ्यामुळे? अगं, तुझ्या वयाएवढी माझी पक्कड जुनी आहे. पस्तीस वर्षांत माझी एक चूक दाखव, हा बाहेरचा बोर्ड उतरवून ठेवतो! एक!"

तावातावातच त्यांनी लॅपटॉप चालू केला. भावनाची बिल्डिंग पडद्यावर एकदा वळली, मग हिरव्या-जांभळ्या रेघा उमटल्या आणि सगळं थिजलं. बाजूला तापमानाचे आकडे होते. बाकी सगळं ठीक, फक्त ग्राफिक्सची मेमरी शंभर अंशांच्या वर तापलेली.

"चिप गेली. मदरबोर्ड बदलावा लागेल. पंधरा दिवसांनी ये."

"पंधरा दिवस? टेस्ट उद्या हाय! उघडून तरी बघा."

"उघडून काय बघू? मला न उघडता कळतं."

भावना दारातल्या बाकावर जाऊन बसली. मांडीवर बॅग, डोळ्यांत पाणी, पण आवाज घट्ट. "उघडत नाय तोवर मी उठत नाय."

दोन गिऱ्हाइकं आली, तिच्याकडे बघून गेली. शेवटी सोमण वैतागले. "बघच आता. पळस्प्याच्या नाक्यावर कुण्या ठोंब्याकडून उघडून घेतलं असणार, आणि खापर माझ्या डोक्यावर!"

त्यांनी लॅपटॉप उलटा केला. चांगली धड टिकली होती स्क्रूवर, पण रागाला डोळे कुठे असतात? अंगठ्याने ती झटकन ओढून काढली, स्क्रू सोडले, झाकण उघडलं आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी उचलली. भावना उठून काउंटरशी आली.

मेमरीवर खोडरबरासारखे मऊ, निळे पॅड असतात. खालची उष्णता वरच्या तांब्याला पोचवायची, एवढंच त्यांचं काम. साफसफाईला पट्टी उचलली की पॅड नवा लावतात, आणि लावताना त्याची वरची फिल्म सोलून टाकायची असते. इथे एका पॅडवर ती तशीच होती. पारदर्शक, कडेने आखडलेली.

"हे बघ!" सोमण जवळजवळ आनंदाने ओरडले. "हे बघ गाढवाचं काम! प्लास्टिकसकट पॅड लावलाय! आता उष्णता जाणार कशी? कोण हा अडाणी? कुठल्या शाळेत शिकला? याच्या घरी सोफ्यावरही प्लास्टिकच असणार, मी सांगतो तुला! असल्या माणसाच्या हातात—"

फिल्म सोलायला त्यांनी बोट पुढे केलं. अंगठ्याला मघाची टिकली चिकटली होती. 'दि. सो.' कुठेही न फाटलेली.

 सोमणांनी चिमट्याने फिल्म सोलली आणि पटकन मुठीत धरली.

"धूळ होती जराशी," ते म्हणाले.

"मुठीत काय हाय काका?"

"काही नाही गं."

"दाखवा की."

नाही म्हणता आलं असतं. आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं. पण पोरगी डोळ्यांत डोळे घालून उभी होती. सोमणांनी मूठ उघडली. नखाएवढं प्लास्टिक. भावनाने ते पाहिलं, अंगठ्यावरची टिकली पाहिली, आणि ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या अर्ध्या तासात सोमणांनी सगळे पॅड नवे लावले, प्रत्येकाची फिल्म तीनतीनदा बघून काढली, झाकण बसवलं. बिल्डिंग पडद्यावर फिरली, गच्चीपासून पार्किंगपर्यंत, एकही रेघ नाही. भावनाने दोनदा फिरवून बघितली. तिची उद्याची टेस्ट वाचली होती.

सोमणांनी सवयीने टिकल्यांचा कागद ओढला, पेन उघडलं, आणि तसंच बंद केलं.

तिने लॅपटॉप बॅगेत भरला, पायरी उतरली, वर बघितलं आणि वळली.

"काका, दादाच्या हळदीच्या मांडवाची शिडी घरी पडून हाय. पाठवू काय?"

"शिडी? कशाला?"

"बोर्ड उतरवायला."