हौदातले बारा ठोकळे

बाळांनो, मागच्या महिन्यात धाकट्याने शाळेच्या प्रयोगाचा अहवाल माझ्याकडे इंग्रजी तपासायला पाठवला आणि मी तो चार दिवस परत केला नाही. आजीकडे नेट नसेल, असं तुम्हाला वाटलं. नेट होतं. तो वाचताना मला दुसरा एक अहवाल आठवला, आणि त्याबद्दल मी तोवर कुणाशी बोलले नव्हते. तुम्ही दोघं आता स्वतः प्रयोग करता, म्हणून तुम्हालाही कळावं.

हिंगोलीच्या घरात वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची, हे मोठीला आठवत असेल. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वसमतजवळच्या एका खेड्यातली. तिचे वडील शाळेत माझ्या हाताखाली इंग्रजी शिकले होते, म्हणून त्यांनी विश्वासाने लेकीला माझ्याकडे ठेवलं.

तिचा प्रकल्प असा होता. साखर कारखान्यात उसाचा चोथा जाळतात, त्याची राख ढिगाने पडून असते. ती राख सिमेंटच्या जागी थोडी थोडी घातली तर काँक्रीट किती मजबूत राहतं, हे तिला बघायचं होतं. काहींत राख नाही, काहींत शंभराला पाच, काहींत दहा, काहींत पंधरा. प्रत्येकाचे तीन, असे बारा चौकोनी ठोकळे. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग कॉलेजच्या यंत्रात दाबून फोडायचे. तिच्या सरांनी सांगितलं होतं की आकडे चांगले आले तर हाच प्रकल्प विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवू. पोरगी त्या एका वाक्यावर दोन महिने तरंगत होती.

राख तिच्या वडिलांनी आणली, एसटीने, खताच्या पोत्यात भरून. पोतं अंगणात उतरवताना त्यांनी सांगितलं, "कंडक्टर मले म्हने, मामा, येवढी राख कोनाची घेऊन चालले? म्या म्हनलं, पोरीच्या इंजिनेरीची."

"बाबा, असं बोलतात का!" ती ओरडली, पण हसत होती.

कॉलेजची टाकी इतरांच्या ठोकळ्यांनी भरलेली होती. तेव्हा मीच म्हणाले की आपला मागचा हौद आहे की. ते बारा ठोकळे रिक्षातून आले. प्रत्येकाच्या एका बाजूला तिने मेणाच्या खडूने त्यातल्या राखेचा आकडा घातला होता. ते हौदात लावताना मला म्हणाली, "आजी, ह्यांना हात नाही लावायचा हं. पाणी तेवढं भरलेलं राहू द्या." मी हो म्हटलं.

नवरात्र आलं. आपल्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढतात, तुम्ही पाहिलं आहे. गोधड्या, डबे, फळ्या, जिना. ती गावाकडे गेली होती. हौदाचं पाणी हिरवं झालं होतं आणि ठोकळ्यांवर शेवाळ धरलं होतं. मला ते बघवेना. कामाला येणाऱ्या बाईंना मी हौद उपसायला लावला आणि आम्ही दोघींनी एकेक ठोकळा बाहेर काढला.

त्यांनी एक हातात फिरवून पाहिला. "बाई, ह्याच्यावर काई लिवल्यालं हाय. घासू का?"

"शेवाळ आहे ते. घासा."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडचेच शब्द आहेत. तारेच्या ब्रशने बाराही ठोकळे स्वच्छ निघाले. आम्ही ते गच्चीच्या पायरीवर ओळीने उन्हात मांडले, आणि खरं सांगते, बघून मला बरं वाटलं.

चहा घेताना ध्यानात आलं. धावत जाऊन एकेक उलटून पाहिला. कुठे एखादी रेघ होती, आकडा एकावरही नव्हता.

त्याच वेळी तिला फोन करायला हवा होता. मी केला नाही. संध्याकाळी फिकट ते गडद अशी त्यांची रांग लावली, कारण राख काळपट असते, म्हणजे जास्त राखेचा ठोकळा जास्त काळा असणार, असा मी हिशेब केला. पहिले दोन-तीन आणि शेवटचे दोन-तीन ओळखू आले असं वाटलं. मधले सगळे सारखे दिसत होते. तरी मी दारावरच्या पाटीचा उरलेला ऑइलपेंट घेतला आणि बारीक कुंचल्याने बाराही ठोकळ्यांवर आकडे घातले. अक्षर माझं चांगलं आहे. फार सुरेख आले. रंग वाळल्यावर ठोकळे पुन्हा हौदात ठेवून पाणी भरलं.

ती परतली आणि हौदात वाकून म्हणाली, "अय्या आजी, तुम्ही रंगाने काढले?"

"पुसट होत होते. गिरवले," मी म्हणाले.

तिने मला मिठी मारली.

अठ्ठावीस दिवस भरल्यावर ठोकळे यंत्रात गेले. संध्याकाळी ती आली ती सरळ वर गेली. जेवायला बोलावलं तेव्हा कळलं. एकाच आकड्याचे तीन ठोकळे तीन तऱ्हेचे फुटले होते. एक खूप वजन सोसून, एक निम्म्यातच. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मिक्सिंग नीट करता येत नाही, आणि स्पर्धेला जायचंय." स्पर्धेला दुसऱ्या मुलांचा प्रकल्प गेला.

"बाबांनी राख ओली आणली असेल," ती ताटाकडे बघत म्हणाली. "नाहीतर मीच नीट कालवली नसेल."

भात वाढताना माझा हात थांबला नाही. हेही लिहून ठेवते.

आठवड्याने वडील आले, घरच्या हळदीची पुडी घेऊन. लेक कॉलेजात होती. ओट्यावर बसून त्यांनी मान खाली घालून विचारलं, "बाई, एक इचारू का? राख खराब व्हती काहून? म्या तर चाळून आनली व्हती. तिच्या मायनं पिठाची चाळनी देली, मंग आठ दिवस घरात पोळ्याच न्हाई झाल्या नीट."

"यंत्राचंही असतं कधी कधी," मी म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं.

"पोरगी फोनवर बोलली मले. जरा जास्तच बोलली. जाऊ द्या, लेकरू हाय." त्यांनी चहा संपवला आणि बशी स्वतः विसळून ठेवली.

मग अहवाल आला. तिने मोठ्या भरवशाने माझ्यासमोर ठेवला. शेवटच्या प्रकरणात तिने लिहिलं होतं की आकड्यांतली तफावत विद्यार्थिनीच्या निष्काळजी मिश्रणामुळे असावी. इंग्रजी कच्चं होतं. मी लाल पेनाने क्रियापद बदललं, एक शब्द पुढचा मागे घेतला, वाक्य निर्दोष केलं आणि पान उलटलं.

ती पास झाली. आता एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर असते.

धाकट्याचा अहवाल चार दिवस टेबलावर ठेवून शेवटी मी तिला फोन केला. मागे रोलरचा आवाज होता. सगळं सांगितलं, ब्रशपासून लाल पेनापर्यंत. तिने आधी विचारलं,

"सगळे बारा पुसले होते?"

"सगळे."

"आणि उन्हात किती वेळ होते?"

"दिवसभर." ठोकळे मध्येच असे वाळू द्यायचे नसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"म्हणजे माझं मिक्स बरोबर होतं." ती मला विचारत नव्हती. मग म्हणाली, "आजी, त्याच दिवशी सांगितलं असतं तर परत टाकले असते. वेळ होता माझ्याकडे." नंतर, "मी बाबांना काय काय बोलले होते." मग साइटवर कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. तिचा फोन अजून आलेला नाही. तो यावा, असं म्हणण्याचा मला हक्क नाही.

वडिलांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ते माझ्यावर रागावले नाहीत, आणि ते सोसणं जास्त जड गेलं. "व्हय का बाई," एवढंच दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "मंग राख चांगली व्हती."

"चांगली होती."

"पोरीचं सामान आनाले गेल्तो टेम्पो घेऊन, तवा कॉलेजातून ते फुटके तुकडेबी आनले. फेकून देऊन राह्यले व्हते. गोठ्याच्या तोंडाशी दाबले, चिखल व्हते म्हून. ढोरं रोज तुडवतात. हालले न्हाईत अजून."

ते तुकडे तिथे आहेत. कुठल्यात किती राख आहे, ते आता कुणालाही सांगता येणार नाही.