उंबरठा मीच फोडला

"नदी आमच्या दाराबाहेर थांबली होती. वरच्या मजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांनी धीर सोडून आमचा उंबरठा फोडला आणि पुराचे पाणी घरात शिरले. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईला त्या दिवशी जे सोसावे लागले, ते टाळता आले असते."

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी हे छापून आणले आहे. ते ज्येष्ठ सभासद म्हणजे मी. माझे नाव न घेण्याचे सौजन्य त्यांनी दाखवले. मला ते नको आहे. उंबरठा मीच फोडला. धीर मात्र सोडला नव्हता, आणि नदीला आत घेतले ते मी नव्हे.

आमची इमारत कल्याणात, खाडीकडच्या उताराला आहे. समोरचा रस्ता दर दुरुस्तीत उंच होत गेला आणि आमचे अंगण परातीसारखे खोलात राहिले. म्हणून या शेजाऱ्यांनी दारात विटा-सिमेंटचा गुडघाभर उंबरठा बांधून घेतला होता. त्यांच्या आई कोणी आले की खाटेवरूनच म्हणत, "या, घोड्यावर चढल्यासारखा पाय टाका." पुराच्या आधीच्याच उन्हाळ्यात दुर्गंधी येते म्हणून अंगणातल्या गटाराच्या चेंबरची झाकणे सोसायटीने सिमेंटने लिंपून टाकली. मी सभेत विरोध केला होता. ते आज कोणाला आठवत नाही. सांडपाण्याला कुठेतरी श्वास हवा, एवढेच मी म्हणालो होतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पाइपांची रेखाटने करण्यात माझा जन्म गेला होता. हे मी हवेत बोललो नव्हतो.

पूर आला तो सकाळी. अंगणात पाणी चढू लागताच सेक्रेटरींनी जिन्यात उभे राहून ओरडून सांगितले की वीज जाणार, पंप बंद पडणार, पाणी भरून घ्या. शेजाऱ्यांची बायको खडवलीला माहेरी अडकली होती, म्हणून मी खाली गेलो. ते दारात ओली पोती रचत होते. बाहेरचे पाणी उंबरठ्याच्या निम्म्यावर येऊन थांबले होते. माझी खूण अंगणातले तुळशीवृंदावन ही होती: खालची पायरी बुडाली होती, वरची कोरडी होती, आणि ती कोरडीच राहिली.

तरीही घरात पाणी होते. घोट्याशी होते, मग पोटरीशी आले. शेजारी दाराकडे तोंड करून पोत्यांवर पोती दाबत होते, आणि त्यांची पाठ मोरीकडे होती. पाणी मोरीतून येत होते. त्यांनी तिथे गोधडी कोंबली. ती बाहेर फेकली गेली.

मी ओंजळीत पाणी घेतले. त्यात साबणाचा फेस होता, चहाचा चोथा होता, भाताची शिते होती.

"नदी चहा पिते काय रे?" मी त्यांना विचारले.

त्यांना कळले नाही. मला कळले होते. आपल्याकडे कालचे पाणी शिळे. ताजे भरायचे तर आधी हंडे, कळशा, पिंप रिकामे करायचे, घासायचे, विसळायचे. सगळी इमारत एकाच वेळी नेमके हेच करत होती. नाल्याकडची वाट पुराने तुंबलेली, झाकणे लिंपलेली. वरून येणाऱ्या साऱ्या पाण्याला सर्वांत खालची ही मोरी तेवढी उघडी होती. मी जिन्यात जाऊन ओरडलो की एक थेंबही ओतू नका. पहिल्या मजल्यावरून माझ्याच पत्नीचे उत्तर आले, "मग काय, पूर आला म्हणून शिळं पाणी पाजू सगळ्यांना?" त्याच्या वरच्या मजल्यांवर तर पावसाच्या आवाजात माझे शब्द पोहोचलेच नाहीत. खाट उचलायला दोन माणसे द्या, असेही ओरडलो. सगळे भरण्यात गुंतले होते.

परत आलो तेव्हा पाणी आईंच्या गादीला लागले होते. कमरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली; नुसते कुशीला वळवले तरी त्या कळवळत. आम्ही दोघांनी त्यांना उचलून जिना चढणे शक्य नव्हते. शेजारी बोटीची वाट पाहू म्हणत होते. मी त्यांच्याकडे घण मागितला.

"काका, बाहेर नदी आहे."

"बाहेरची नदी अर्ध्या उंबरठ्याला आहे. आतली काठाला आलीय. डोळ्यांनी बघ."

ते दारात आडवे उभे राहिले. माझ्या हिशेबात चूक असती, तर त्या खाटेवरच्या बाईंच्या अंगावर मी पूर सोडणार होतो, हे मलाही ठाऊक होते. म्हणून मी पुन्हा एकदा तुळशीकडे पाहिले. वरची पायरी कोरडी होती. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, मुलाला उद्देशून.

"बाजूला हो रे. भावोजींना फोडू दे. माझी पाठ भिजली."

मग ते बाजूला झाले, घणही आणून दिला. पोती ओढून काढली आणि मी घण घातला. सिमेंट चांगले होते, हेही सांगतो. पुष्कळ घाव घालावे लागले. उंबरठ्याचा मधला भाग सुटला आणि पाणी गादीपासून खाली उतरले. पोटरीच्या जरा खाली, अंगणातल्या पाण्याच्या पातळीला येऊन ते स्थिरावले. तेवढे पाणी घरात उरले, हे मी नाकारत नाही. बोट आली तेव्हा आई खाटेवरच होत्या, गादीवर, आणि बोटीतल्या माणसांना पाय कसा टाकायचा ते सांगत होत्या.

त्या आज हयात नाहीत. असत्या तर मला हे लिहावे लागले नसते. स्मरणिका वाचून लोक मला जिन्यात समजुतीच्या सुरात सांगतात, काका, त्या वेळी कोणाचेही डोके ठिकाणावर नव्हते. माझे होते. कोणी म्हणते, पाणी इकडून आले की तिकडून, आता कसे ठरणार?

ठरते. आईंच्या खाटेखाली त्यांचा जेवायचा पाट असे, पितळी फुले ठोकलेला, आणि तो मोरीतून घरात आलेल्या पाण्यावर तरंगू लागला होता. उंबरठा फुटताच तो माझ्या पायांमधून दाराबाहेर गेला, अंगण ओलांडून फाटकाच्या गजांना टेकला, आणि पाऊस चालू असतानाच पाण्यात उतरून तो फाटकापासून घरात परत आणला तो त्यांच्या मुलानेच.