विडादे, अडी

एकोजी पियानो वाजवत नसे, बडवत असे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत ही तक्रार घरोघरी होती. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून उचलून आणलेला तो पियानो. रॉक अँड रोलमध्ये पियानोवाल्याने नखरे करायचे नसतात, असं तो म्हणे. डाव्या हाताने एकच ठेका धरून ठेवायचा, उजव्याने वरून सूर तोडत राहायचं, आणि पाठीत गुद्दे घातल्यासारखं गाणाऱ्याला पुढे ढकलायचं. हे त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. त्याचा मला भयंकर राग येतो, तरी एवढं कबूल करायलाच हवं. वाजवताना तारा तुटत, नखांतून रक्त येई, आणि ड्रमवरचा मणी जरा ढिला पडला की हा तमिळमध्ये ओरडे, "विडादे, अडी!" म्हणजे सोडू नकोस, हाण.

तो आणि मणी, दोघंही घरी मराठीच बोलत. स्टेजवर मराठी बोललं तर लोक हसतील, हे एकोजीचं म्हणणं.

चौऱ्याण्णवच्या पोंगलला तंजावूरजवळच्या ओरत्तनाडु गावी त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता. केबल आल्यापासून तिथेही इंग्रजी गाणी हवी असत. गाणं ऐन रंगात असताना गर्दीतून एक चप्पल आली आणि गाणाऱ्या दिव्यश्रीच्या तोंडावर बसली. पुढच्या रांगेत एकोजीचा मेव्हणा रघुराम होता. चप्पल त्याच्या मागून आली होती, पण लोकांनी धरलं त्यालाच. काहींनी दंड पकडले, एकाने खुर्ची उचलली, तरी पहिला घाव घालायला कुणी धजेना. एकोजीची गर्दीकडे पाठ होती. मणीचा हात थांबलाय, एवढंच त्याला कळलं. तो माइकमध्ये गरजला, "विडादे, अडी!"

लोकांनी ऐकलं ते असं: याला सोडू नका, मारा.

खुर्ची रघुरामच्या तोंडावर फुटली. मग लाथा, मग मांडवाचा बांबू. मणीने खाली मान घालून ठेका उचलला होता, आणि मार त्या ठेक्यावर पडू लागला. आरडाओरडा ऐकून एकोजीला वाटलं, लोक नाचताहेत. तो चेवाने आणखी बडवू लागला. दिव्यश्रीने त्याचा खांदा ओढला तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. पियानो थांबला, तरी बांबू त्याच लयीत पडत राहिला.

एकोजीने उडी टाकली आणि तो मेव्हण्यावर पालथा पडला. त्याच्या डाव्या मनगटाचा चुरा झाला. रघुरामचा एक डोळा गेला.

इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या, मध्ये स्टुलावर भुवना. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. रघुराम शुद्धीवर येताच एकोजी रडत रडत सांगू लागला, की तो मणीला ठेका धरायला सांगत होता.

"ठाऊक होतं," रघुराम म्हणाला. "तेवढ्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. मणीला मराठीत सांगिटला असतास तर काय लाज जात होती रे?"

भुवना उठली, तिने स्टूल उचललं आणि भावाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं.