वरच्या थरावरचं नाव

गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात मावशींना मावशी न म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मालक. तो त्यांना ‘बाई’ म्हणायचा आणि त्यांच्यापुढे आवाज चढवायचा नाही. एकतीस वर्षं मावशी एकाच टेबलापाशी उभ्या होत्या. त्यावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, सगळ्यात वरच्यावर खडूने बाह्या, कॉलर, खिसे आखायचे आणि यंत्राने सगळे एका दमात कापायचे. खालच्या थरांवर रेघ नसतेच. वरची रेघ बरोबर असली की खालचं बरोबर येतं, हे मावशींच्या हाडीमासी खिळलेलं होतं.

हात असा चोख की वीतभर तुकडासुद्धा त्यांनी कधी घरी नेला नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी चार जणींना त्या नव्या आभासी नाण्यात थोडेथोडे पैसे घालावेसे वाटले, तेव्हा खातं कुणाच्या नावाने उघडायचं यावर चर्चाही झाली नाही. मावशींचा जावई मोबाइल विकायचा. त्याने सासूबाईंच्या मोबाइलवर खातं उघडून दिलं. मावशींसकट पाच जणी: दोघी शिलाईवाल्या, त्या एकमेकींच्या जावा, एक इस्त्रीवाली, आणि काजं करणारी, जिला सगळे काजवाली म्हणत.

“वाजत नाही, दिसत नाही, उशीखाली सापडत नाही,” इस्त्रीवाली म्हणाली होती. “नवऱ्यापासून लपवायला याहून बरं नाणं कुठलं?” सगळ्या हसल्या. काजवाली तेवढी खाली मान घालून सुई ओवत राहिली.

नाणं कधी चढलं, कधी आपटलं, पण एकंदरीत वाढलं. मग सरकारचा नियम आला. अशा प्रत्येक खातेदाराने महिनाअखेरपर्यंत आपली ओळख पटवायची आणि आतला पैसा कुणाचा ते लिहून द्यायचं. नाहीतर खातं बंद. मावशींना नियम पटलासुद्धा. शेजारपाजारच्यांचे पैसे गोळा करून रातोरात पसार झालेल्या एकाची गोष्ट त्यांनी ऐकली होती.

घोडं अडलं ते अर्जातल्या तिसऱ्या प्रश्नावर. या खात्यातली सर्व रक्कम माझ्या एकटीच्या मालकीची आहे: हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं तर बाकीच्यांची नावं आणि घरचे पत्ते द्यायचे, आणि प्रत्येकीच्या घरी नोटीस जाणार.

मावशी अर्धा दिवस रजा टाकून नोंदणीच्या कार्यालयात गेल्या. खिडकीमागे त्यांच्या लेकीच्या वयाची अधिकारी होती. तिला त्यांनी सगळं समजावलं, अगदी कापडाच्या थरांसकट. मुलगी भली होती, तिने मध्ये तोडलं नाही.

“मावशी, आम्हाला फक्त वरचं नाव दिसतं,” ती म्हणाली. “खाली कोणी आहे हे तुम्ही लिहीत नाही तोवर कायद्याच्या लेखी तिथे कुणीच नाही.”

आणि लिहिलं तर? तर परवान्याशिवाय इतरांचे पैसे गुंतवले म्हणून चौकशी, आणि ती संपेपर्यंत खातं गोठलेलं. किती दिवस ते तिलाही सांगता येईना.

जावयाला यात अवघड काहीच दिसलं नाही. “आई, ‘हो’वर टिचकी मारा आणि मोकळ्या व्हा. नाव तुमचं, मोबाइल तुमचा. उद्या कुणी भांडायला आलं तरी कागद आपल्या बाजूने.” मग जेवता जेवता तो त्या पैशातून घरावर खोली चढवायचं बोलू लागला. माणूस वाईट नव्हता. मावशींच्या गुडघ्यांसाठी औषध तोच आणायचा. पण खोलीच्या खिडक्या कुठे ठेवायच्या इथवर तो पोचला, तेव्हा मावशींनी ताट बाजूला सारलं. आपण आहोत तोवर ठीक. आपल्या मागे हा मोबाइल कुणाच्या हातात जाणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघींना जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. जावांना खरं लिहिणं मुळीच नको होतं. धाकटी तर तोंडावर म्हणाली की खरेपणाची हौस तुमची, पैसे अडकणार आमचे. शेवटी इस्त्रीवालीने आपला पत्ता लिहून दिला, मग कुरकुरत जावांनीही. काजवाली आधीच उठून गेली होती. तिच्या यंत्रापाशी मावशी गेल्या तेव्हा ती एकाच काजावर दुसऱ्यांदा टाके घालत होती.

“माझ्या घरी कागद येता कामा नये,” ती म्हणाली. “ते माझ्या आधी उघडतात. माझा वाटा तुम्हीच घ्या, मावशी. खरंच घ्या. मी कधी मागणार नाही.”

“कशासाठी साठवत होतीस?”

“निघून जायचं झालं तर,” काजवाली म्हणाली आणि पुन्हा यंत्र सुरू केलं.

शेवटच्या तारखेला मावशी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. ‘नाही’वर खूण केलेली, खाली तीन नावं, तीन पत्ते, स्वतःचा वाटा. पाचव्या रकान्यात रक्कम होती आणि नावाच्या जागी कोरं.

“हा कुणाचा?” मुलीने विचारलं.

“माझा नाही.”

“तसं चालत नाही, मावशी. नाव नसेल तर तुमचा धरू की काय?”

“तो तेवढा धरू नका,” मावशी म्हणाल्या. “मला पाहिजे तर दंड करा. पण माझा धरू नका.”

मुलगी आत जाऊन साहेबांशी बोलून आली. हा वाटा बेवारस म्हणून वेगळा ठेवतील, ती म्हणाली. हक्कदाराने वर्षाच्या आत स्वतः इथे येऊन ओळख पटवायची. कागद तिने इथेच हातात घेतला तर घरी पाठवत नाहीत. वर्ष उलटलं की तो सरकारजमा. आणि अर्ज अपुरा दिल्याबद्दल मावशींना पुढच्या आठवड्यात जबाबाला यावं लागेल.

पैसे गोठले म्हणून त्या दुपारी जावांनी मावशींशी बोलणं टाकलं होतं. मावशी सरळ काजवालीकडे गेल्या आणि घडलं ते सांगितलं.

“म्हणजे आता तो कुणाचाच नाही,” काजवाली म्हणाली.

“तू जाशील तोवर.”

“अर्धा दिवस बुडला की घरी त्यांना कळतो. रोज कमी आला की कळतो.” तिने यंत्र थांबवलं. मग इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, “खिडकी कितीला उघडते?”

मावशींनी वेळ सांगितली. ती कारखान्याच्या सकाळच्या भोंग्याचीच वेळ होती: घरून नेहमीसारखं निघता येईल, पण त्या दिवसाचा रोज बुडेल, हे दोघींच्याही लक्षात आलं.