कोपऱ्यात बसणारी कावेरी

कावेरीचा धड असा एकही फोटो कुणाकडे नाही. आधार कार्डावर आहे, त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. सिल्वासाच्या आमच्या मराठी शाळेत ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने लेकीचा, सोनमचा, हात इतका घट्ट धरला होता की पोरीची बोटं पांढरी पडली होती. पोरगी सात वर्षांची. शाळा सोडल्याचा दाखला नाही. कुठून आलात विचारलं तर "दोंडाईचाकडून" एवढंच उत्तर. मी रागीट बाई आहे आणि सव्वीस वर्षं मास्तरकी करून तो राग उतरलेला नाही. दाखल्याशिवाय येणाऱ्यांना मी आल्या पावली परत पाठवते. तिलाही पाठवणार होते. मग तिने पदर सारून डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर हाड वाकडंच जुळलेलं होतं.

"बाई, दाखला मागायला गेले तर त्याले कळी जाई," ती म्हणाली.

तो म्हणजे तिचा नवरा. हात त्याने मोडला होता. पुढच्या वेळी पोरगीच घेऊन जाईन, तुला तिचं नखही दिसणार नाही, असं बजावलं होतं. पुढच्या वेळेची वाट न बघता कावेरी सिल्वासाजवळच्या नरोलीला पळून आली, दोऱ्याच्या कंपनीत पॅकिंगला लागली आणि दहा खोल्यांच्या एका चाळीत राहू लागली. मी मुख्याध्यापकांशी भांडून सोनमला दुसरीत बसवलं.

पुढची दोन वर्षं मी या बाईला पाहिलं ते बहुतेक कोपऱ्यातच. पालकसभेत शेवटच्या बाकावर, भिंतीला खेटून. वर्गाचा फोटो असला की सोनम त्या दिवशी हमखास 'आजारी'. कुणी मोबाईल वर धरला की कावेरीचा पदर नाकापर्यंत चढायचा. मी चेष्टा करायची, "अगं, तू काय सिनेमातली नटी आहेस, कोण तुझा फोटो काढतंय?" ती तोंडावर हात ठेवून हसायची आणि तरीही पदर खाली घ्यायची नाही. भीती माणसाला किती शिस्त लावते ते मी तिच्याकडे बघून शिकले. चाळीतल्या बायका तिला घुमी म्हणायच्या. तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. जे ठाऊक होतं ते मला.

वर्षातला एकच दिवस तिला कोपऱ्यात राहवत नसे, तो कानबाईचा. आम्हा कोकणातल्या माणसांना जशी गौर, तशी खानदेशी माणसाला कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडायची, तिला नवी साडी नेसवायची, वर फुलोरा टांगायचा, बायकांनी गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर नेऊन बोळवण करायची. नरोलीच्या चाळींतली खानदेशी मंडळी मिळून एक कानबाई बसवतात. ज्यांना गावी जाता येत नाही ते झाडून सगळे तिथे येतात. मला दरवर्षी बोलावणं असतं, कारण त्यांची पोरं माझ्या हाताखाली.

त्या वर्षी मी नवा फोन घेऊन गेले. पुण्याहून माझ्या मुलाने, अभिजीतने, पाठवलेला. "आई, हा अंधारातही दिवसासारखा व्हिडिओ काढतो," असं त्याने सांगितलं होतं आणि स्वतःच सगळं लावून दिलं होतं. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पावसाने वीज गेली. कानबाईसमोर दोन समया, बाकी काळोख. बायकांनी गाणं धरलं आणि मी फोन वर केला. कावेरी लगेच उठली आणि पाण्याच्या पिंपाजवळ, अगदी मागे जाऊन बसली.

गाणं संपल्यावर आम्ही दोघींनी व्हिडिओ पाहिला. समयांच्या ज्योती, देवीच्या नथीची चमक, पुढच्या बायकांचे हलते खांदे. पिंपाच्या जागी नुसता काळा डाग, त्यात दाणेदार मुंग्या. मी मनात म्हटलं, एवढे पैसे घालून पोराने हा असला फोन घेतला.

"यात तर मी नाहीच शे," कावेरी म्हणाली. तिला बरं वाटलं. "टाका बाई, गावाकडचे बघतीन."

मंडळाचं सगळं बघणाऱ्या ललितने फोनवर एक अल्बम उघडला होता. त्याची लिंक धुळ्या-नंदुरबारपर्यंत सगळ्यांना गेलेली. मी त्यात माझा व्हिडिओ टाकला आणि घरी आले.

सोमवारी अर्धी रजा घेऊन मी बोळवणीला नदीवर गेले. कावेरीनेही खाडा केला होता. सोनमला मात्र मी शाळेत पाठवायला लावलं होतं. चौथीची चाचणी होती, आणि चाचणी बुडवलेली मला खपत नाही. दमणगंगेला पाणी भरपूर होतं. बायका नारळ डोक्यावर घेऊन पाण्यात उतरत होत्या, तेवढ्यात अभिजीतचा फोन आला.

"कसा आला व्हिडिओ?" त्याने विचारलं.

"काळाकुट्ट," मी म्हटलं.

तो हसला. "आई, तो लगेच नाही होत. रात्रीचा व्हिडिओ फोनमधून कंपनीच्या मोठ्या कंप्युटरवर जातो, क्लाउडवर. तिथे एकेक चित्र उजळून, दाणे काढून परत पाठवतात. काही तास लागतात. मग तुझ्याकडे आपोआप उजेडातला दिसायला लागेल. अल्बममध्ये टाकला असशील तर तिथेही."

मी त्याला दोनदा विचारलं की अल्बममध्ये म्हणजे सगळ्यांना का. तो म्हणाला, "सगळ्यांना." मी फोन कानावरून काढला तर पडद्यावर बारीक अक्षरांत ओळ आली होती, तुमचा व्हिडिओ तयार आहे.

कावेरी शेजारीच उभी होती. मी तिला जसं होतं तसं सांगितलं. ती मटकन चिखलात बसली. तिने पदर नाकापर्यंत ओढून घेतला. जणू व्हिडिओतला चेहरा त्याने झाकला जाणार होता. मी व्हिडिओ पुसायला गेले तर घाईत भलतीच बटणं दाबत होते. अभिजीत तिकडून एकेक पायरी सांगत होता, मी चुकत होते, त्याच्यावरच खेकसत होते. शेवटी व्हिडिओ अल्बममधून गेला. ललितने स्वतःच्या फोनवर पाहून सांगितलं, "नाही बाई, आता दिसत नाही."

"किती जणांनी पाहिला असेल?" मी विचारलं. "ते यात दाखवत नाही," तो म्हणाला. आता दोंडाईचाकडे कुणाच्या हाती तो पडला असेल, कुणी ओळखलं असेल, तिचा नवरा तिथून गाडीत बसला तर किती तासांत इथे पोचेल, हा हिशेब मी मनात सुरू केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही.

"मी किती दिसते ते तरी बघू द्या," कावेरी म्हणाली. "तोंड दिसतं का नुस्ती साडी?"

माझ्या फोनात व्हिडिओ होताच. आम्ही वडाखाली आडोशाला गेलो. खरंच दिवसासारखा झाला होता. भिंतीचा पोपडा दिसत होता, पिंपावर झाकलेलं ताट दिसत होतं, आणि पिंपाजवळ कावेरी. डोक्यावरचा पदर पूर्ण खाली, मान वर, डोळे मिटलेले, आणि तोंड उघडं टाकून ती गात होती. दोन वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. कुणी बघत नाही अशी खात्री होती म्हणून ती तशी गायली होती. मला इतकं वाईट वाटलं की मी पडदा बंद करणार होते.

कावेरीने माझं मनगट धरलं. "बाई, मागे न्या. जरा मागे."

मी मागे नेलं. ती स्वतःकडे बघतच नव्हती. तिचं बोट दाराकडे होतं. तिथे रेनकोट घातलेला एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा होता. चेहरा उजळून थोडा गुळगुळीत झाला होता, इस्त्री फिरवल्यासारखा. मान डावीकडे कललेली. हातात प्रसादाचा द्रोण. आणि तो देवीकडे नव्हे, पिंपाकडे बघत होता.

"तोच शे," कावेरी म्हणाली. "त्यानी मान अशीच ऱ्हाते."

त्याने तिला व्हिडिओत शोधलं नव्हतं. त्याला व्हिडिओची गरजच नव्हती. खानदेशची बाई कुठेही लपली तरी कानबाई चुकवायची नाही, आणि आपली माणसं जमतील तिथेच ती सापडेल, एवढी अक्कल त्याला होती. अंधारात चेहरा दिसला नसेल, पण दहा वर्षं ज्या बाईला मारलं तिचा आवाज तो ओळखणारच.

आणि मग मला आठवलं, तो द्रोण मीच दिला होता.

आता मी हे लिहिते तेव्हाही मला माझी लाज वाटते. आमच्या शाळेचा पट दरवर्षी घटतोय. त्यामुळे खानदेशी माणूस दिसला की मी त्याला पोरांचं विचारते. वीज गेल्यावर, गाणं सुरू व्हायच्या आधी, दाराशी एक माणूस उभा होता, फार नम्र. मी त्याला प्रसाद दिला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मास्तरीण का? इथे आपल्या पोरांना मराठी शाळा आहे?" मी हुरळले. शाळा कुठे, कितीला भरते, कितीला सुटते, सगळं सांगितलं. वर म्हणाले, "उद्याच या. चौथीपर्यंतची चाचणी आहे, सगळी मुलं हजर असतील. साडेबाराला सुटते." जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लगामही नव्हता.

"तुम्ही त्याले काय सांगं?" कावेरीने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं.

मी सांगितलं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

ललितने रिक्षा थांबवली. नरोलीपासून शाळेपर्यंतच्या त्या रस्त्यावरून मी सव्वीस वर्षं ये-जा केलेली, पण त्या दिवशी तो संपेना. कंपन्यांचे ट्रक आडवे, पुलावर गर्दी. मुख्याध्यापकांचा फोन लागत नव्हता, चाचणीच्या वेळी ते तो बंद ठेवतात, आणि तो नियम मीच करायला लावलेला. शिपाई काळूकडे फोनच नाही. कावेरी रिक्षाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मनी पोरले नेई टाकी." मला तिचा हात धरायचं धाडस झालं नाही. कोणत्या तोंडाने धरणार होते?

काळू फाटकाच्या आत स्टुलावर बसला होता. फाटकाला कुलूप.

"काळू, सोनम?" मी रिक्षातूनच ओरडले.

"वर्गात. पेपर लिहते," तो म्हणाला. मग सावकाश, त्याच्या नेहमीच्या सावकाशीने, सांगू लागला. "एक माणूस आलता दहाला. बोलला, पोरीचा बाप, घरी मयत हाय, पोरीला द्या. मी बोललो, चिठ्ठी आण. बोलला, बाईंनी पाठवलाय. मी बोललो, मग बाईंची चिठ्ठी आण. लई तापला. फाटकाला लाथ मारली. मी नाय उघडला." थोडं थांबून तो म्हणाला, "मागल्या महिन्यात त्या पोराला मामाबरोबर सोडला तर तुम्ही मला काय काय बोलल्या होत्या."

बोलले होते. सगळ्या शाळेसमोर, त्याच्या वयाचा मान न ठेवता. नंतर मला वाईटही वाटलं होतं, पण माफी मागायची राहून गेली होती.

"कुठे गेला तो?"

काळूने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. पानाच्या टपरीमागे रेनकोट अडकवलेली मोटरसायकल उभी होती. टपरीच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, मान डावीकडे कललेली. शाळा सुटायला वीस मिनिटं होती.

आम्ही मागच्या दाराने आत गेलो. सोनमला पेपर पुरा करू दिला, कारण फाटकाला कुलूप असेपर्यंत ती वर्गातच सुरक्षित होती. कावेरी वर्गाच्या खिडकीखाली जमिनीवर बसून राहिली. पोलिसांना मी ऑफिसातून बोलावलं. आलेल्या हवालदार बाईंना कावेरीने आधी वाकडा हात दाखवला, मग माझ्या फोनातला व्हिडिओ. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि बाहेर टपरीकडे गेल्या. खिडकीतून मी त्याला उठताना पाहिलं. तो त्यांच्याशीही तितक्याच नम्रपणे बोलत होता, जितका माझ्याशी बोलला होता.

त्या दिवशी त्याला घेऊन गेले. पण असे लोक कायमचे जात नाहीत हे कावेरीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. चार दिवसांनी तिने खोली सोडली. जाताना मी तिला म्हटलं, तो व्हिडिओ मी पुसून टाकते. ती म्हणाली, "नको बाई. पोलिसांले लागला तर? आणि त्यात मी गाणं म्हणते ना." सोनमचा दाखला मी स्वतःच्या हाताने लिहिला, सही-शिक्क्यानिशी, म्हणजे पुढच्या शाळेत कुणाला हात दाखवावा लागू नये.

मी काळूची माफी मागितली. तो म्हणाला, "बरं." फोनमधली ती अंधार उजळायची सोय अभिजीतकडून बंद करून घेतली.

तो व्हिडिओ मी अजून कधीतरी बघते, दार लावून. ती गाताना दिसते तिथे थांबते आणि दाराकडे नजर जायच्या आत बंद करते. आता ती कुठे आहे, सोनम कोणत्या शाळेत जाते, ते मला ठाऊक आहे. इथे लिहिणार नाही. कावेरी हे तिचं नाव नाही, आणि ती दोंडाईचाकडचीही नाही. तुम्ही कुणी मला भेटलात आणि कितीही नम्रपणे विचारलंत, तरी मी सांगणार नाही.