घरजावयाचं वेगळं बिऱ्हाड

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्याला सगळे जावईबापू म्हणत. लग्न झाल्यापासून तो सासुरवाडीतच राहत होता आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी ही बातमी त्याच्याआधी ऑफिसात पोचली होती. तो हसण्यावारी न्यायचा. मनात मात्र म्हणायचा, मी काय कुणाच्या जिवावर जगतो?

डायलिसिसच्या रुग्णांना घरबसल्या वेळ देणारं अॅप त्यानंच जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं होतं. त्याआधी ही माणसं भल्या पहाटेपासून बाकांवर ताटकळायची. त्यांत त्याचे सासरेही असायचे. हे अॅप एका जुन्या, भारदस्त सर्व्हरवर चालायचं. त्याचा परवाना संपत आला, तसा हॉस्पिटलनं फुकटातला, सुटसुटीत सर्व्हर घ्यायचं ठरवलं.

"त्यात काय, इथली फाईल उचलायची, तिथं ठेवायची. चहा निवायच्या आत होईल," जावईबापूंनी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं आणि काम शेवटच्या दिवसावर ढकललं.

चहा निवला. त्यावर सायसुद्धा धरली. नव्या सर्व्हरवर पहिलं पान झोकात उघडायचं, पण 'वेळ घ्या' म्हटलं की अॅप आडवं. कधी रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस सापडत नाही, कधी अमुक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, सापडत नाही.

"संध्याकाळपर्यंत बघा," साहेब म्हणाले, "नाहीतर उद्यापासून बाकं मांडायला सांगतो."

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, माझी वेळ आली का?"

"बाबा, असं अभद्र काय बोलता!"

"अहो, डायलिसिसची म्हणतोय! सकाळपासून ते पान नुसतं गरगरतंय. मला परत त्या बाकावर बसवू नका हो. पाठ धरते."

जावईबापूंनी फोन ठेवला आणि डोकं धरलं. शेजारच्या टेबलावर डेटाबेस सांभाळणाऱ्या ताई डबा खात होत्या. हात पुसून त्या उठल्या, त्याच्या स्क्रीनवरच्या चुका वाचल्या आणि फिस्सकन हसल्या.

"अहो, तुमचं अॅपसुद्धा घरजावई आहे की!"

सगळा विभाग खिदळला.

"हसू नका रे, खरंच सांगतेय. डेटाबेसशी गाठ कोण घालून द्यायचं? जुना सर्व्हर. मेसेज पाठवायची लायब्ररी कुणाच्या घरातली? त्याच्याच. अॅपनं नुसती हाक मारायची, की वस्तू हातात. आता वेगळं बिऱ्हाड केलंत आणि साधं पातेलंही बरोबर घेतलं नाहीत!"

जावईबापूंचे कान लाल झाले. पण त्यानं जुन्या सर्व्हरच्या सेटिंग्ज उघडल्या. खरंच की! ज्या ज्या वस्तूसाठी अॅप अडत होतं, ती तिथं नावानिशी मांडून ठेवलेली होती. आपण मागत राहिलो आणि कोण देतंय ते कधी वळून पाहिलंच नाही. त्यानं डेटाबेसची जोडणी त्याच नावानं नव्या सर्व्हरवर मांडली, लायब्ररी अॅपच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला.

जरा वेळानं सासऱ्यांचा फोन आला. "आली! उद्या सकाळी आठची!"

"जमलं बुवा!" ताईंनी टाळी दिली.

"तुमच्यामुळे, ताई."

"माझ्यामुळे कसलं. मीही सासरीच राहते. कुणाचं पातेलं कुठलं, मला बरोबर कळतं."

जुना सर्व्हर बंद करताना त्याचा हात क्षणभर माउसवर थांबला. "खूप केलंस रे बाबा," तो पुटपुटला. कुणी ऐकलं तर नाही ना, हेही पाहून घेतलं.

घरी आल्यावर आंघोळीला निघाला आणि सवयीनं 'आई, टॉवेल!' म्हणून ओरडायला तोंड उघडलं. उघडलेलं तोंड मिटलं. स्वतःच कपाटं धुंडाळू लागला. एकात चादरी, दुसऱ्यात बरण्या.

"काय शोधताय?" सासूबाई दारात.

"टॉवेल सापडत नाही. कुठं असतात हो, आई?"

"आज विचारताय? इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं तुम्हीच देत होता."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "बरं नाही का वाटत?"

"काही झालेलं नाही त्यांना," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. ते अजून मोबाईलवरचा मेसेज न्याहाळत होते. "आठची वेळ मिळवून दिलीये. टॉवेल दे आधी."

"दारामागच्या कपाटात, वरचा कप्पा," सासूबाई म्हणाल्या, आणि तो पुढं व्हायच्या आत त्यांनीच काढून दिला.